थोरलीकडून धाकटीकडे

झाकण उघडता येत नाही अशा वस्तूवर काडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आमच्या दाजींशिवाय दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. नोकरी आनंदनगरच्या कारखान्यात, मशिनांच्या देखभालीची. बिऱ्हाड बेलवलीत, दोन खोल्यांचं. लग्नात आमच्या आईने दिलेला मिक्सर त्यांनी पहिल्या चटणीआधीच खोलला होता. "आत काय आहे ते कळल्याशिवाय बटण दाबायचं कसं?" ताई सांगते, तिला बघायला आले तेव्हाही यांचं सगळं लक्ष आमच्या खडखडणाऱ्या पंख्याकडे होतं, आणि होकार कळवायला आले ते पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊनच.

अशा माणसाने घरात सर्व्हर बांधला यात नवल नाही. सगळ्यांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, जयंतीच्या मिरवणुका एका जागी साठवणारा संगणक, असं ते शेजाऱ्यांना समजावत. एकेक भाग उल्हासनगरच्या बाजारातून यायचा. तिथल्या सिंधी दुकानदाराशी, "साईं, माल नया दे, दाम पुराना लगा," अशी सुरुवात करून दाजी दुपार घालवायचे. पेटी घेतलीच नाही. ताईच्या भांड्यांच्या मांडणीत, ताटं उभी राहतात त्या खणात मदरबोर्ड उभा राहिला आणि ताटं पलंगाखाली गेली. त्या काळात आमच्याकडे भारनियमन रोजचंच. घरातल्या इन्व्हर्टरची वायर फक्त मांडणीकडे जायची. पाहुणे अंधारात पुठ्ठ्याने वारा घेत आणि सर्व्हरचा पंखा गरगर फिरे. "माणूस घामाने निथळला तरी चालेल," ताई म्हणायची, "यांच्या मांडणीला घाम यायला नको."

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगते. माझ्या ऑफिसात याच कामासाठी एक तयार डबा होता. वायर जोडली की काम सुरू, ना आवाज ना खटपट. तसलाच घ्या म्हणून मी दाजींच्या मागे लागले.

"बीकॉम मॅडम, तो बिघडला तर काय कराल?"

"कंपनीकडे पाठवू."

"आणि आतल्या तुमच्या आईला कुणाकडे पाठवणार? कुरिअरने?"

आई खरंच त्या मांडणीत होती. माझ्या पदवीदानाच्या दिवशी दाजींनी मित्राचा कॅमेरा आणून अंगणात तिचा छोटासा व्हिडिओ घेतला होता. पुढच्याच वर्षी आई गेली. कॅमेरावाल्या मित्राने मूळ कॅसेटवर कुणाचं तरी लग्न घेतलं. आईचा चालता-बोलता अवशेष असा तेवढाच.

त्यासाठीच दाजींनी डिस्क दोन लावल्या होत्या, आणि त्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: थोरली आणि धाकटी. ताई आणि मी. नवीन काही आलं की आधी थोरलीवर, मग कामावरून आल्यावर थोरलीवर असेल ते हुबेहूब धाकटीवर. थोरलीवर नसेल ते धाकटीवरूनही पुसलं जाई. "तुमच्याकडे फ्रॉक असेच जायचे ना?" ते मला म्हणायचे. फ्रॉक तसेच यायचे, खरं आहे.

एक दिवस थोरली डिस्क बंद पडली. दाजी जराही घाबरले नाहीत, धाकटी शाबूत होती. नवी डिस्क आणली, रिकाम्या जागी बसवली, आणि मानाची जागा म्हणून बंद पडलेलीवरची 'थोरली'ची चिठ्ठी काढून तिलाच चिकटवली. वीज जायची वेळ झाली होती, मग अंधारात काही दिसलं नसतं. हाताला सवय होती. त्यांनी रोजच्यासारखीच नक्कल चालवली, थोरलीकडून धाकटीकडे. कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरलेल्या डिस्कवर उतरला.

मी पोहोचले तेव्हा ते मांडणीसमोर पाटावर बसले होते. ताई म्हणाली, "जेवले नाहीत." बंद पडलेली थोरली आणि कोरी झालेली धाकटी, दोन्ही घेऊन आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने बराच वेळ खटपट केली, मग दोन्ही डिस्क रुमालाने पुसून परत दिल्या. "रहने दो साईं. कुछ नहीं बचा." पैसे घेतले नाहीत. दाजींनी पहिल्यांदाच त्या दुकानात घासाघीस केली नाही.

नंतर मीच तयार डबा नेऊन दिला. दाजींनी तो निमूट लावला. खोलून बघितलात का, असं विचारलं, तर म्हणाले, "असू दे, आत काय असेल ते." मांडणीत ताटं परत आली. घर एवढं शांत झालं की ताईच रेडिओ लावून ठेवू लागली.

त्या वर्षी आईच्या पुण्यस्मरणाला वंदना झाली, जेवणं झाली, आणि दाजी अचानक बोलायला लागले. दुरुस्तीनंतर सर्व्हर नीट चालतो की नाही हे तपासायला ते दर वेळी आईचाच व्हिडिओ लावत, हे आम्हा बहिणींना ठाऊकच नव्हतं. आम्ही तो जेमतेम एकदोनदा पाहिलेला. रडू येतं म्हणून टाळायचो. त्यांना तो पाठ होता. आई पदर कुठे सावरते, कुठे हसू दाबते, "बंद करा जावईबापू, सेल संपतील" कधी म्हणते, आणि "हिच्या बापाने बघायला पाहिजे होतं" म्हणताना कुणीकडे बघते, सगळं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी सांगतात. आम्ही दोघी समोर बसून ऐकतो.

यंदा त्यांनी सेलचं वाक्य बापाच्या वाक्याआधी न घेता शेवटी घेतलं. मग आठी घालून म्हणाले, "असंच होतं ना?"

मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघीही "हो" म्हणालो.