गिरजामायचा मांगूर

गिरजामाय मासा हातात घेतला की नजर भलतीकडेच लावायची. ओल्या पोत्यातून वळवळता मांगूर काढायचा, मिशांखालून पकडायचा आणि डोक्यामागच्या हाडावरून अंगठा फिरवायचा, की तिचं पाहणं झालं. "डोया फसते सर, बोट फसत नाही," असं ती म्हणायची.

बीबी या गावाजवळच्या एका खेड्यात तलावाकाठी तिचं घर होतं. नवरा गेल्यावर ती एकटीच छोटं जाळं टाकायची आणि बाजारात मासे विकायची. मी बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. माशांचे नमुने घ्यायला विद्यार्थ्यांना घेऊन मी तिच्याकडे जात असे. एकदा मी एका जातीचं शास्त्रीय नाव सांगितलं, तेव्हा ती हसली. "एवढं लांब नाव? हाक मारेपरेंत मासा पयून जाईन!"

पाच वर्षांपूर्वी गावच्या मच्छी सोसायटीनं तलावात सोडायला मांगुराची पिल्लं मागवली. व्यापारी 'देशी' म्हणून पंज्याएवढी पिल्लं टाक्यांत भरून घेऊन आला. अध्यक्षांनी मला तपासायला बोलावलं. गिरजामायनं माझ्याआधीच एक पिल्लू उचललं, अंगठा फिरवला आणि परत टाकलं.

"हा आपला नोय. आपल्याचं हाड मागं निमुयतं होते. याचं रुंद हाय, बोथट. हा परदेशी खादाड. तलावात सोडसान तं सारं खाऊन टाकीन."

मी पुस्तकातलं चित्र उघडलं, दोन पिल्लांकडे वरवर पाहिलं. रंग जुळत होता. हाड मी चाचपलंच नाही. माझे विद्यार्थी भोवती उभे होते आणि त्यांच्यादेखत एका अडाणी बाईनं मला शिकवावं, हे मला रुचलं नाही.

"माय, तुमचा अंगठा म्हणजे प्रयोगशाळा नाही. ही देशीच आहेत," मी म्हणालो. सगळे हसले. ती हसली नाही. पदर सावरून एवढंच म्हणाली, "सोडा मंग. तुमी शिकेल मानसं."

पिल्लं तलावात गेली. दीड वर्षात हातभर लांबीचे मासे जाळी फाडू लागले. मरळ, शिंगी, लहान झिंगे, सगळं संपत आलं. त्यातला एक मासा मी प्रयोगशाळेत आणला आणि त्याचं डोकं उघडं केलं. हाड रुंद होतं, बोथट होतं. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर.

सोसायटीच्या बैठकीला मी गेलो होतो, कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. पण व्यापाऱ्याला शिव्या घालून झाल्यावर एक जण म्हणाला, "थे म्हातारी तवाच अभद्र बोलली व्हती. तिचीच जीभ लागली." बऱ्याच माना हलल्या. गिरजामाय दाराशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदाची घडी घालत राहिलो. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "मी तपासल्यावर व्यापाऱ्यानं माल बदलला असेल."

त्यानंतर बायका तिच्याशी बोलेनात. तलावात तिच्या जाळ्याजोगं काही उरलं नव्हतंच. ती लेकीकडे जळगाव जामोदला निघून गेली.

दोन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी तिथे गेलो, तेव्हा ती बाजारात संत्री विकताना दिसली. तिनं ओळखलं, स्टूल पुढे केलं, एक संत्रं सोलून हातात दिलं. मला ते खाववेना.

"माय, तुमचं खरं होतं. मी चुकलो. आणि बैठकीत खोटं बोललो."

"हाव," तिनं शांतपणे मान डोलावली.

"मला माफ करा."

तिनं गिऱ्हाइकाला संत्री तोलून दिली, मग माझ्याकडे वळली. "हे मले काऊन सांगता, सर? मले तं तवाच ठाऊक व्हतं. ज्यायले ठाऊक नाही, त्यायले सांगा ना."

"सांगतो," मी म्हणालो.

गेल्या पावसाळ्यात ती वारली. तलावाच्या त्या गावात मी अजून गेलेलो नाही.