दारात थांबलेली बाई

मागच्या गुरुवारी चिबाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात कामासाठी गेले होते. तिथे आणि त्यानंतर जे झालं, ते आईला विचारून लिहितेय... एरवी मी घरातलं काही पोस्ट करत नाही.

आधी काम सांगते. जपानमध्ये गावोगावी खांबांवर नगरपालिकेचे भोंगे असतात. भूकंप, त्सुनामी, अगदी कोणी हरवलं तरी त्यावरूनच सांगतात. ते बोलणं किती अंतरावर किती स्पष्ट ऐकू येतं, हे मोजणं ही माझी नोकरी. ऑफिस कावासाकीत, पण महिन्यातले चार-पाच दिवस असं कुठेतरी माइक लावून उभं राहायचं.

त्या दिवशी समुद्र राखाडी होता आणि वारा अजिबात नव्हता. किनाऱ्यावर मी आणि माझे सीनियर मोरिता-सान, एवढेच. आमची टेस्ट सुरू व्हायच्या आधीच भोंगा वाजला. खरी घोषणा होती... एक्याऐंशी वर्षांचे आजोबा सकाळपासून घरी नाहीत. उंची एकशे साठ सेंटिमीटर, करडी टोपी, डाव्या गालावर मोठा काळा तीळ.

जवळच्या भोंग्याचा आवाज आधी पोचतो, मग त्याच्या पुढच्याचा, मग त्याच्याही पुढच्याचा. त्यामुळे तेच वाक्य लांबून पुन्हा पुन्हा येत राहतं. मला याची सवय आहे. तरी ‘डाव्या गालावर’ तिसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा मला व्हिनेगरचा वास आला... स्पष्ट. आजूबाजूला खाण्याचं एकही दुकान नव्हतं.

“जोशी-सान, गालाला काय झालंय?” मोरिता-सान विचारत होते. “डास चावला का? लाल करून ठेवलाय नुसता.”

मी डावा गाल घासत होते. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

अर्ध्या तासाने आजोबा सुखरूप सापडल्याचं भोंग्यानेच कळवलं. आम्ही मोजमाप पूर्ण केलं आणि निघालो. ट्रेनमध्ये मी दोन्ही हात बॅगेवर ठेवून बसले होते.

तो वास माझ्या ओळखीचा आहे. बाबा डॉक्टर. मी साडेतीन वर्षांची होईपर्यंत आम्ही इंग्लंडमध्ये, समुद्रकाठच्या एका गावात राहायचो. तिथल्या माझ्या तीन आठवणी आहेत. लाकडी धक्क्याच्या फळ्यांमधून खाली दिसणारं पाणी. माझ्या हातातला पाव पळवणारा सीगल. या दोन्हींचे फोटो घरी आहेत, त्यामुळे त्या खरंच माझ्या आठवणी आहेत असं मी छातीठोक सांगणार नाही.

तिसरीचा फोटो नाही. बंद खोली, व्हिनेगरचा वास, कोणीतरी ओल्या रुमालाने माझा गाल जोरात पुसतंय. मग दार उघडतं. दारात एक बाई. मागून उजेड असल्यामुळे तिचा चेहरा दिसत नाही. ती माझ्याकडे बघते... आणि आत येत नाही.

बास, एवढंच. लहानपणी मी त्या बाईला फार घाबरायचे. आई म्हणायची, स्वप्न असेल.

घरी आल्यावर स्कॅन केलेला अल्बम उघडला. इंग्लंडमधल्या शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत प्रत्येक फोटोत माझ्या डाव्या गालावर काजळाची तीट आहे, दृष्ट लागू नये म्हणून लावतात ती. त्यानंतरच्या फोटोंमध्ये नाही. एकातही नाही. मी पुण्याला आईला फोन लावला आणि सरळ विचारलं, मला तीट लावणं का बंद केलंस?

 

“हे तुला कोणी सांगितलं? बाबांनी?”

मग तिने सांगितलं. त्या उन्हाळ्यात आम्ही किनाऱ्यावर होतो; बाबा चिप्स आणायला गेले होते (तिथे चिप्सवर व्हिनेगर ओततात, किनाराभर तोच वास), ती चटई झटकत होती, वळून बघते तर मी नाही. हरवलेली मुलं ठेवायला किनाऱ्याच्या दोन टोकांना दोन केबिन होत्या. आई जवळच्या केबिनमध्ये धावली. “माझं इंग्लिश तेव्हा कसलं गं... घाबरून एकच सांगत सुटले. डाव्या गालावर काळी खूण, डाव्या गालावर काळी खूण.”

तिथून दुसऱ्या केबिनला फोन झाला. तिथे एक मुलगी होती, पण तिच्या गालावर काहीच नव्हतं. त्या दिवशी बस भरून आलेली बरीच देशी कुटुंबं होती, त्यांच्यातली कोणाची असेल, म्हणाले. ती मुलगी मीच होते. केबिनमधल्या बाईने मळ समजून तीट पुसून टाकली होती... चांगल्या मनाने. आई पाऊण तास पाण्याकडे बघत उभी होती.

शेवटी बाबा म्हणाले, त्या दुसऱ्या केबिनमध्ये जाऊन बघू तरी.

“मी दार उघडलं,” आई म्हणाली. “तू बाकावर बसलेली. तोंड एकदम स्वच्छ. आणि मला वाटलं... ही आपली नाही.”

“किती वेळ?” मी विचारलं. मोजायची सवय, दुसरं काय.

“सेकंदभर असेल. पण तू बघत होतीस ना माझ्याकडे. म्हणून तर तू विचारलंस की स्वप्न म्हणायचे... तुला आठवतं का गं ते?”

नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “आठवतं. पण तू दारात आहेस तिथपर्यंतच. पुढचं नाही.”

“अगं, मग पुढचं ऐक की!” तिचा आवाजच बदलला. “धावत आले, उचललं तुला. तू माझ्या कोटाचं बटण जे पकडलंस ते घरी येईपर्यंत सोडेनास.”

“उन्हाळ्यात कोट?”

“तिथला उन्हाळा तो! झोपलीस तरी मूठ तशीच. बाबा म्हणाले, बटण कापू का? म्हटलं, हात लावाल तर खबरदार. तशीच झोपले मग तुझ्याशेजारी, कोट घालून. तीट मात्र परत लावली नाही, खुणेवरून तुला ओळखायचं नव्हतं मला.”

यातलं मला काही आठवत नाही, आणि आता आठवणारही नाही. त्या बाईची भीती एका फोनने गेली असंही नाही.

पण त्या एका सेकंदाला आम्ही दोघी सव्वीस वर्षं आपापल्या जागी घाबरत होतो, आणि दारातली बाई आईच होती हे मला माहीतच नव्हतं. आई, सांगितलंस ते बरं झालं. विचारायला मीच उशीर केला.