बेडशाच्या रानातली आमची खोप

मंडळी, आज बेडसे लेण्यांच्या वरच्या रानात आम्ही तिघांनी वाळक्या फांद्यापाल्याची खोप उभी केली. रानात निवारा बांधायला शिकायची हौस, बाकी काही नाही.

वाडीतल्या एक मावशी डोक्यावर मोळी घेऊन आल्या आणि समोरच बसल्या. मला वाटलं, यांचा डोळा आमच्या बॅगांवर आहे.

"जागा कुणी दावली तुमाला?"

"मावशी, नुसतं शिकतोय. जाताना मोडून टाकू."

"त्यो पुन्याचा सायेब बी आसंच बोललावता. आदी खोप, मग तार, मग गेट."

आम्ही खोप मोडली. शेवटची फांदी निघेपर्यंत मावशी हलल्या नाहीत.

उतरताना ते गेट दिसलं. आत बंगला, आणि लॉनवर शोभेला ठेवलेली पाल्याची खोप.

खरं सांगा, तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवला असता?