पुस्तकांची आणेवारी

भोरच्या वाचनालयात मला रोज भेटणारे हे निवृत्त तलाठी. सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. जन्मभर भाताची आणेवारी काढली, म्हणजे पीक सोळा आण्यांपैकी किती आलं ते ठरवलं; ती खोड आता पुस्तकांवर निघते. नवं पुस्तक यायच्या आधीच ते जाहिरात वाचून ग्रंथपालबाईंना अंदाज सांगून ठेवतात, "चौदा आणे." वाचून झालं की तेच पुस्तक सहा आण्यांवर येतं.

"लोंब्या लई दिसत हुत्या," ते हळहळतात, "दाणाच भरला न्हाई."

मग माझी पहिली कादंबरी आली. तिला त्यांनी आधीच सोळा आणे देऊन टाकले.

"भाऊसाहेब, जरा कमी धरा."

"न्हाई सर. हितं बसून लिवताना बघितलंय म्या तुमाला."

कादंबरी घरी वाचायला नेली आणि त्यानंतर आठवडाभर ते मला बघून रस्ता बदलत होते. रविवारी मात्र सकाळीच दारात उभे, खांद्यावर इंद्रायणी तांदळाची पिशवी.

"चार आणे, सर," ते खाली बघत म्हणाले. "आठाच्या खाली गेलं की दुष्काळ जाहीर करावा लागतो. ही मदत."

मी रागारागात भात लावला. तांदूळ सोळा आणे निघाला.