देवकाकांची उभी बाटली

देवकाकांच्या गॅलरीत रविवारी जरा टेकलं, की उठताना एखादा किस्सा सोबत येतोच. आता इतके साठलेत की बायको म्हणते, "अहो, हा तिसऱ्यांदा सांगताय!" तुम्ही कुठे ऐकलेत, म्हणून सांगतो.

काका अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीतून केमिस्ट म्हणून रिटायर झाले. नाद एकच, वाइनवरची पुस्तकं वाचायचा. वाचायचा हं! जिभेला थेंब लागलेला नव्हता.

*

एकदा रंगात येऊन आम्हाला वाचून दाखवत होते. म्हणे, या वाइनला आधी पिकल्या जांभळाचा वास येतो, मग ओल्या मातीचा, शेवटी जुन्या चामड्याचा...

आतून काकू म्हणाल्या, "चामड्याचाच हवा असेल तर दाराबाहेर तुमच्या चपला आहेत!"

*

प्रॅक्टिस चालायची कोकम सरबतावर. ग्लास गोल फिरवायचा, ट्यूबलाइटसमोर धरायचा, नाक आत घालून डोळे मिटायचे. पुतणीला बघायला बदलापूरची मंडळी आली, तेव्हाही काकांनी हे सगळं साग्रसंगीत केलं. पाहुण्यांनी आपापले ग्लास हळूच खाली ठेवले! लग्न जमलं, काळजी नको.

*

लच्छूभाई काकांचे जिवलग सिंधी दोस्त. उल्हासनगरात कापडाचं दुकान. काकांच्या रिटायरमेंटला त्यांनी एक भारी रेड वाइन दिली, दोघांनी मिळून प्यायची या बोलीवर. काकांनी लगेच पुस्तक काढलं. "ही अजून मुरायला हवी. थांबू या."

वर्षं गेली. लच्छूभाई दर दिवाळीला विचारायचे. शेवटी वैतागले, "साईं, वाइन है, एफडी नहीं!"

*

पुस्तकात होतं, बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. काका ती शोकेसमध्ये आडवी ठेवायचे. काकू पुसायला आल्या की उभी करायच्या. "आडवी बाटली बघून लोकांना वाटेल, या घरात रोज चालतं!"

अर्थात, बाटली बहुतेक उभीच राहिली.

*

मग लच्छूभाईंचं कायमचं दुबईला, मुलाकडे जायचं ठरलं. जायच्या आदल्या संध्याकाळी आले आणि थेट शोकेससमोर उभे राहिले. काकांनी बाटली काढली. उघडताना बुचाचा भुगाच झाला.

काकांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. चक्क व्हिनेगर! काकूंना तर कुठे बघावं कळेना.

काकांनी घाईघाईने पुस्तक उघडलं, पान शोधलं, आणि चेहरा उजळला. "हे बघा! बूच सुकलं की हवा आत शिरते आणि वाइन आंबते. शब्द न् शब्द खरा!"

लच्छूभाईंनी आपला ग्लास रिकामा केला, पुन्हा भरला आणि खुर्ची काकांजवळ ओढली.

"पढ़ते रहो, साईं. मैं पी रहा हूँ."