तारेची झाडं, भुशाचा पाला

भुसा कितीबी झटका, घरी जेवायला बसलो की ताटात पडतोच. आमच्या दुकानातल्या गोष्टींचं तसंच हाय. एक सांगायला गेलो की चार गळतात.

दुकान महाडात, तात्यांचं. तात्या आधी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मग बिल्डरांना, सरकारी हापिसांना मॉडेलं करून द्यायला लागले. घरं तात्या करायचे, झाडं मी. तार पिळायची, गम लावायचा, वर हिरवा रंगवलेला भुसा. मी पोलादपूरकडचा, चौथी नापास. पण झाड मला कोणी शिकवायला नको.

*

एक बिल्डर बोलला, "आंबा मोठा झालाय. बिल्डिंग बारकी दिसते."

मी बोललो, "आंबा बरोबर हाय. बिल्डिंगच बारकी हाय."

तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाय.

*

दुसऱ्याला गेटजवळ पाम पायजे होते, मुंबईसारखे. केले. बघायला त्याची आई आली, सव गावाकडची म्हातारी. बोलली, "माडांना नारळ नाय धरला रे? खत घाल."

बिल्डरनं माझ्याकडं बघितलं. मी नारळ चिकटवले. मोहरीचे.

*

एकदा लॉनला भुसा कमी पडला. मी रवा रंगवून टाकला. सकाळी बघतो तर अर्धं लॉन मुंग्या भिंतीवरून नेतायत.

तात्या एवढंच बोलले, "पुढच्या वेळी भाजून घे."

*

पावसात झाडांना बुरशी धरली, पांढरी. गिऱ्हाईक खूश. "वा, मोहोरसुद्धा दाखवलाय."

तात्यांनी माझा पाय दाबला. तरी मी बोललो, "जुलैत?"

ते गेल्यावर तात्या शांतपणे म्हणाले, "बाबू, यापुढे गिऱ्हाइकाला एकदा जरी उलटं बोललास, तर दुसऱ्या दिवशी दुकानात येऊ नकोस."

बायको नुकती बाळंत झालेली. घरात दुसरं कमावणारं कोण नाय. मी तोंड शिवलं.

*

मग कशेडीकडच्या एका वाडीचं काम आलं. वाडीतून नवा रस्ता जायचा होता. लोकांना दाखवायला हापिसानं मॉडेल मागवलं. वाडी नेमकी माझ्या आत्येची. तिच्या दारातला फणस मी डोळे मिटून करीन. केला, लावला.

वाडीच्या देवळात मॉडेल मांडलं. गमाचा डबा नि चिमटा बरोबर होताच. हापिसाचे साहेब बोलले, "हे झाड रस्त्यात येतंय. काढा."

मी काढलं. तात्या माझ्याकडंच बघत होते.

आत्या पुढं आली. "माझं घर खयचं रे?"

मी दाखवलं.

"आन फणस?"

फणस माझ्या हातात.

"दे इकडं." तिनं गमाच्या डब्यात बुंधा चांगला बुडवला, नि फणस रस्त्याच्या मधोमध उभा केला.

साहेब माझ्यावर खेकसले, "काढा ते."

आत्या ओलं बोट पदराला पुशीत होती. मी चिमटा लावला. जरा हलवल्यासारखं केलं.

"निघत नाय, साहेब," मी बोललो. "गम सुकला."