राहत देदच्या मेंढीचे दात

राहत देदकडे मेंढी घ्यायला येणाऱ्या माणसाला आधी शिव्या मिळत, मग मिठाचा नून चहा आणि मग मेंढी. द्रंगपोरा गावात सगळे तिला देद, म्हणजे आजी, म्हणत आणि हा क्रम सगळ्यांना ठाऊक होता. दलालाला ती फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नसे. ज्याच्या घरी लग्न असेल त्यानं स्वतः यायचं, मेंढीच्या पाठीवर स्वतःचा हात फिरवायचा, आणि हवं तर अख्खा कळप घेऊन जायचा. मग ती एकेक मेंढी गुडघ्यांत धरून तिचा जबडा उघडी आणि गिऱ्हाइकानं काही विचारायच्या आतच त्याच्या अंगावर ओरडे, "बघ, दात बघ नीट! दुधाचे आहेत की नाही? सांग, म्हातारी आहे का ही?"

गिऱ्हाईक बिचारं भांबावून नाही नाही म्हणे. त्यानं म्हातारी म्हटलेलंच नसे.

म्हटलं होतं ते समद वाझानं, आणि तेही हफीजाच्या लग्नात. हफीजा ही राहतची एकुलती एक मुलगी. जिच्या गोठ्यातून शहरातले लोक लग्नासाठी मेंढरं नेत, तिच्या स्वतःच्याच घरचं कार्य. राहतनं कोवळी मेंढरं वर्षभर वेगळी राखली होती, त्यांना स्वतःच्या हातानं चारा घातला होता. वऱ्हाड जेवायला बसलं, एकेका ताटाभोवती चौघं चौघं. एकामागून एक पदार्थ आले आणि सगळ्यात शेवटी गोश्ताबा आला. दह्याच्या रश्शातला हा मांसाचा गोळा नीट उतरला की यजमानाचं नाव होतं. तो ताटात पडला आणि फुटून त्याचा भुगा झाला. व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वाझा म्हणजे लग्नाचा आचारी, आणि समद तर खोऱ्यात नावाजलेला. तो मांडवात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या हाताला दोष देऊ नका. मेंढीच म्हातारी होती."

कनातीपलीकडे बायकांत बसलेल्या राहतनं ते ऐकलं. मुलीची पाठवणी व्हायची होती म्हणून ती गप्प बसली. आयुष्यात तेवढी एकदाच.

हफीजा वरच्या आळीतून खालच्या आळीत सासरी गेली आणि तो गोश्ताबाही तिच्यामागून गेला. घरात कधी मांस चिवट निघालं की सासू सगळ्यांसमोर विचारी, "तुझ्या आईच्या गोठ्यातलं का गं?" पोरीनं माहेरी कधी चकार शब्द काढला नाही. पण शेजारणी कशाला असतात? ऐकून राहतच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ती समद वाझाच्या सात पिढ्या उद्धरे. तिचा नवरा सुला, मऊ स्वभावाचा भिडस्त माणूस, "सोड गं आता," म्हणून गोठ्याकडे निघून जाई. पुढे तो छातीच्या दुखण्यानं गेला. समद वाझा जिथं चूल मांडेल तिथं आपली मेंढी जाणार नाही, ही राहतची शपथ मात्र राहिली.

या शरदात कळप तोसामैदानच्या कुरणांवरून खाली उतरला आणि श्रीनगरहून इम्तियाज साहेब स्वतः गाडी घेऊन आले. मुलीचं लग्न होतं, आणि त्यांना सगळी कोवळी मेंढरं एकदम हवी होती. माणूस शहाणा निघाला. शिव्या मुकाट्यानं ऐकल्या, चहा प्यायला, पाठींवर हात फिरवला. मग म्हणाला, "देद, आमचे वाझा गाडीत बसलेत. त्यांनी एकदा नजर टाकली की झालं."

गाडीतून उतरला तो समद वाझा. म्हातारा झाला होता, गुडघा धरून चालत होता.

"हा पसंत करणार?" राहत कडाडली. "ह्या मेल्याला मेंढीचं वय तरी कळतं का? तुझ्या चुलीत बर्फ पडो रे, समदा! कुठल्या तोंडानं आलास?"

"देद, अहो..." इम्तियाज मधे पडायला गेले.

"तुम्ही चहा प्या!"

समदनं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग जवळच्या मेंढीच्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अशी मेंढरं आता खोऱ्यात कुठं राहिलीत?"

"मग हफीजाच्या लग्नात काय माझ्या गोठ्यात गाढवं होती?"

"तीही अशीच होती, राहत. मेंढीत काही खोट नव्हती."

राहतच्या तोंडातली पुढची शिवी तोंडातच राहिली. "काय म्हणालास?"

"मांस थंड पडलं होतं. बर्फानं माझा ट्रक वाटेत अडकला. मी पोचलो तेव्हा मेंढरं केव्हाच कापून टांगलेली होती."

गोश्ताब्याचं मांस ऊनऊन असतानाच कुटायचं असतं. वाझा येऊन बसल्याशिवाय कसायानं सुरीला हात लावायचा नसतो, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं.

"कापायला कुणी सांगितलं?"

"कसायाला दुसरीकडे जायचं होतं. म्हणाला, आत्ता कापतो, नाहीतर चाललो. सुलाला नाही म्हणवलं नाही. मग त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, काहीही सांग, पण राहतला कळू देऊ नकोस. ती मला जिवंत सोडायची नाही."

राहतनं पुढ्यातली मेंढी बाजूला लोटली. जिवंत सोडायची नाही म्हणे! चार दिवस शिव्या घातल्या असत्या आणि पाचव्या दिवशी जेवायला वाढलं असतं. इतकी वर्षं संसार करून त्या माणसाला एवढंही कळू नये? तिला सुलाचा असा संताप आला की तो समोर असता तर तिनं त्याला गदागदा हलवलं असतं. आणि तो समोर नव्हता, ह्याचाही संताप आला.

"म्हणजे तुम्ही दोघांनी आपसांत ठरवलंत," ती म्हणाली. "त्याची लाज राखलीत, तुझा हात राखलात आणि खापर फोडलंत माझ्या मुक्या जनावरावर. टोमणे कुणी खाल्ले रे? माझ्या पोरीनं! उद्या सकाळी कांदुराच्या तंदूरपाशी ये आणि सगळ्या गावासमोर बोल. मगच मेंढरं गाडीत चढतील."

कांदूर रोट्या भाजतो त्या तंदूरपाशी सकाळी अख्खा गाव जमतो. हफीजाची सासूही टोपली घेऊन उभी होती. समद वाझा पुढे आला, घसा खाकरून म्हणाला, "हफीजाच्या लग्नातला गोश्ताबा फुटला, त्यात मेंढीचा दोष नव्हता. दोष..." त्यानं राहतकडे पाहिलं. "दोष माझा होता. माझाच हात चुकला."

कुणीतरी फिसकन हसलं. इम्तियाज साहेबांचा चेहरा उतरला. आयुष्यभर कमावलेलं नाव त्या म्हाताऱ्यानं रोटीच्या टोपल्यांपुढे टाकलं होतं. राहत आता घरी जाऊ शकत होती. मेंढीचं नाव धुऊन निघालं होतं आणि सुलाचंही झाकलेलं राहिलं होतं.

पण ती भडकली. एकदा खोटं बोलून आपल्या मेंढीवर घातलं, आता खोटं बोलून स्वतःवर घेतो!

"खोटारड्या!" ती गर्दीत घुसली. "ह्याचा हात चुकला नाही. माझ्या नवऱ्याला कसायाला नाही म्हणवलं नाही, आणि मांस थंड पडलं. भित्रा होता माझा सुला. ऐकलंत सगळ्यांनी? आता रोट्या घ्या आणि चालते व्हा!"

मेंढरं गाडीत चढली. दात दाखवायचं ती विसरली.

दुपारी हफीजा आली आणि उंबऱ्यातच बसली.

"सासू काय म्हणाली?" राहतनं विचारलं.

"काही नाही. तिनं आज स्वतः चहा केला. माझा पेला आधी भरला."

"मग तोंड का पाडलंयस?"

"अम्मी, तू अब्बांना सगळ्या गावासमोर भित्रा म्हणालीस."

"खरं तेच म्हणाले. तुला ठाऊक आहे का त्यानं काय केलं..."

"ठाऊक आहे." हफीजानं वर पाहिलं. "अब्बांनी जायच्या आधी मला सांगितलं होतं. म्हणाले, आईला सांगू नकोस. मी टोमणे मेंढीसाठी नव्हते खाल्ले, अम्मी. अब्बांसाठी खाल्ले होते."

रिकाम्या गोठ्यात मागे राहिलेली एक म्हातारी मेंढी ओरडत होती.

"म्हणजे तुलाही माझी भीती वाटली," राहत म्हणाली.

हफीजा उंबऱ्यावरचं गवत वेचत राहिली.

"शिव्या घातल्या असत्या मी," राहत म्हणाली. "दुसरं काय केलं असतं? शिव्याच घातल्या असत्या ना गं?"

हफीजा उठली आणि गोठ्याकडे निघून गेली.